पदपथावर मोटारी उभ्या करूं द्याव्या कां?

शहरांतील रस्ता दिसावयास एक असला, तरी त्यांत दोन मार्ग शेजारीं शेजारीं नांदत असतात. मधला मार्ग चाकांचा आणि कडेचा पायांचा. या दोहोंमध्यें भिंत नसते, कुंपण नसतें. असते ती फक्त सुमारें सहा इंच उंचीच्या दगडांची एक ओळ. या सहा इंचांच्या भरंवशावर शाळेंत जाणारीं मुलें, मंडईस निघालेल्या गृहिणी आणि सायंकाळीं फिरावयास बाहेर पडलेले वृद्ध निर्धास्तपणें चालत असतात. अलीकडे मात्र हे दगड ओलांडून चाकें वर चढूं लागलीं आहेत. पुण्यामुंबईच्या कोणत्याहि जुन्या वस्तींतून एक फेरी मारली, तर अर्धी पदपथावर व अर्धी रस्त्यावर अशी कलती उभी असलेली मोटार हटकून दृष्टीस पडते. आणि स्कूटरींच्या रांगांचा तर पदपथ हा जणूं हक्काचा तबेलाच झाला आहे. गाड्या वाढल्या, जागा वाढली नाहीं, तेव्हां निदान कांहीं ठिकाणीं तरी पदपथावर गाडी उभी करण्याची रीतसर मुभा असावी, असें म्हणणारांची संख्याहि लहान नाहीं. हें म्हणणें कितपत ग्राह्य आहे, याचा विचार शांतपणें झाला पाहिजे. कारण हा प्रश्न केवळ वाहतुकीच्या पोलिसांचा नसून प्रत्येक घराच्या उंबरठ्याबाहेरचा आहे.

पदपथ मुळांत कशासाठीं निघाला, हें प्रथम पाहिलें पाहिजे. जुन्या पुण्याच्या पेठांतून पदपथ नव्हते, आणि त्यांची उणीवहि कोणास भासत नव्हती. बैलगाडी, पखाल वाहणारा रेडा आणि पायीं चालणारा मनुष्य यांच्या गतींत फारसें अंतर नव्हतें. गाडी अंगावर आली तरी गाडीवानाची आरोळी ऐकून बाजूला होण्यास उसंत मिळे. जेथें वाहनाचा वेग माणसाच्या पावलाच्या कितीतरी पटीनें वाढला, तेथेंच दोघांना वेगळें करणें प्राप्त झालें. इंग्लंडांत १८३५ सालच्या हमरस्त्यांच्या कायद्यानें पदपथावरून गाडी वा जनावर हांकणें हा गुन्हा ठरविला. तेव्हां मोटारीचा जन्महि झाला नव्हता. परंतु त्या कायद्यांतील तें कलम आजहि तेथें लागू आहे.

मोटार आल्यावर या व्यवस्थेस एका कराराचें स्वरूप आलें. पादचाऱ्यानें रस्त्याच्या मधोमध चालण्याचा आपला पुरातन हक्क सोडला, आणि त्याच्या मोबदल्यांत त्याला कडेची उंच वाट मिळाली. ती वाटहि आतां काढून घेतली, तर मोबदला तेवढा गेला आणि सोडलेला हक्क मात्र परत आला नाहीं, असा हा एकतर्फी व्यवहार होतो.

परंतु दुसरी बाजूहि प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतील गल्ल्या मोटारींसाठीं आंखलेल्या नाहींत. वाडे होते तेव्हां एका दिंडी दरवाजाआड आठ दहा बिऱ्हाडें राहत, आणि सर्वांच्या मिळून फार तर चार सायकली भिंतीशीं टेकून उभ्या असत. पुढें वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या, बिऱ्हाडें वाढलीं, दर बिऱ्हाडामागें एकदोन दुचाकी आणि पुष्कळदां एक मोटार आली, गल्लीची रुंदी मात्र होती तेवढीच राहिली. अशा गल्लींत दोन्ही बाजूंस मोटारी लागल्या म्हणजे मधून रुग्णवाहिका किंवा आगीचा बंब जाऊं शकत नाहीं. म्हणून गाडीचीं दोन चाकें पदपथावर चढविणारा गृहस्थ आपण शेजाऱ्यांवर उपकारच करीत आहों, अशा भावनेनें तें करीत असतो. त्यांत दुष्टपणा नसतो. शिवाय दुचाकी हें कांहीं चैनीचें वाहन नव्हे. घरोघर दूध, औषधें आणि जेवणाचे डबे पोंचविणाऱ्या कष्टकऱ्याची ती भाकरी आहे. ती उभी करावयास त्याला जागा ही हवीच. आणि पदपथ तर पुष्कळ ठिकाणीं फुटका व ओस पडलेला दिसतो. मग रिकामी जागा उपयोगांत आणली तर बिघडलें काय, असा प्रश्न विचारला जातो.

या प्रश्नाचें उत्तर मोजपट्टीनें दिलेलें बरें. रस्त्यांच्या बांधणीचे दंडक ठरविणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनें २०१२ सालच्या मार्गदर्शिकेंत पदपथाची मोकळी रुंदी कमींत कमी १.८ मीटर, म्हणजे जवळजवळ सहा फूट असावी, असें सांगितलें आहे. मोकळी म्हणजे विजेचा खांब, झाड, पाटी व विजेची पेटी यांना वगळून उरणारी. अपंगांच्या चाकांच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या असतां एकमेकींजवळून निघून जाव्यात, यासाठीं एवढी जागा लागतेच. आतां साधारण घरगुती मोटारीची रुंदी सुमारें १.७ मीटर असते. तिचीं दोन चाकें पदपथावर चढलीं म्हणजे तिचा निम्मा देह, सुमारें ०.८५ मीटर, पदपथावर येतो. उरला ०.९५ मीटर. त्यांतून बाहेर आलेला आरसा वजा केला कीं, चाकांची खुर्ची, तान्ह्या मुलाची बाबागाडी किंवा दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली गृहिणी यांना सुखानें जातां येईल एवढी वाट राहत नाहीं. हा हिशेब नियमाबरहुकूम बांधलेल्या पदपथाचा झाला. पेठांतील पदपथ बहुधा याहून अरुंदच असतात. तेथें वजाबाकीनंतर हातीं कांहींच उरत नाहीं.

स्कूटरीचा हिशेब याहूनहि वाईट आहे. तिची लांबी सुमारें १.८ मीटर; म्हणजे ती आडवी लावली कीं चांगल्या पदपथाचीहि सबंध रुंदी एकटी व्यापते. शिवाय मोटार बहुधा रस्त्यावरून चढते व रस्त्यावर उतरते. स्कूटर मात्र पदपथावरूनच कांहीं अंतर चालवीत आणली जाते. त्यामुळें तेथें उभ्या वाहनाच्या अडचणींत चालत्या वाहनाच्या भयाची भर पडते.

दृष्टिहीन माणसाचा विचार तर स्वतंत्रपणेंच करावा लागेल. तो पांढऱ्या काठीनें पायाखालची जमीन आणि कडेची भिंत चांचपत चालतो. वाटेंतील खांब कोठें आहे, झाड कोठें आहे, हें त्याला संवयीनें ठाऊक होतें, कारण खांब व झाड आपली जागा सोडीत नाहींत. उभी केलेली गाडी मात्र रोज जागा बदलते. तिच्या चाकाला काठी लागेपर्यंत स्कूटरीचें हँडल त्याच्या छातीला किंवा मोटारीचा आरसा त्याच्या कोपराला लागून चुकलेला असतो.

वाट अडली म्हणजे चालणारा काय करतो? तो रस्त्यावर उतरतो. धट्टाकट्टा तरुण दोन ढांगांत उतरून पुन्हां वर चढतो आणि घडलेली गोष्ट विसरूनहि जातो. सत्तरी ओलांडलेल्या वृद्धेला सहा इंच खालीं उतरणें हेंच एक काम असतें. त्यांतून मागून येणाऱ्या वाहनाकडे बहुधा तिची पाठ असते, आणि उभ्या मोटारीआडून ती अकस्मात् पुढें आल्यामुळें चालकालाहि ती ऐन वेळीं दिसते. लहान मूल तर त्या मोटारीआड पुरतें झांकलेंच जातें. केंद्र सरकारच्या रस्तेवाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांपैकीं ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर पांच मृतांमागें जवळजवळ एक. हे सर्व बळी पदपथावरील गाड्यांमुळें पडले, असें म्हणणें अन्यायाचें होईल. पुष्कळांच्या वाटेंत तर पदपथच नव्हता. परंतु पायीं चालणाऱ्यानें वाहनांच्या मार्गांत घालविलेला प्रत्येक क्षण धोक्याचा असतो, एवढें त्यावरून निःसंशय ठरतें. आणि पदपथ अडविणारा मनुष्य त्याला त्याच धोक्यांत ढकलीत असतो.

याखेरीज आणखी एक हानि होते, ती कोणत्याहि अहवालांत येत नाहीं. एकदोनदां धडपडलेला किंवा नुसता घाबरलेला वृद्ध मनुष्य हळूहळू घराबाहेर पडणेंच सोडतो. देवदर्शन, वाचनालयांतून पुस्तक बदलून आणणें, बागेंतील बांकावर समवयस्कांशीं दोन घटका बोलणें, हीं त्याच्या दिवसांतील मोठीं सुखें असतात. तीं एकामागून एक सुटतात. घरचीं माणसें काळजीनें सांगतात, "आजोबा, एकटे जाऊं नका." त्यांचेंहि चुकत नाहीं. अपघात झाला नाहीं, म्हणून कोठें नोंद नाहीं. माणूस मात्र चार भिंतींच्या आंत कोंडला गेला. त्याच्या दारापुढील पदपथ अडवून बसलेली मोटार पुष्कळदां त्याच घरची असते, ही यांतील सर्वांत खेदाची गोष्ट होय.

पदपथ फुटका व ओस आहे, म्हणून तेथें गाडी लावावी, या म्हणण्यांतहि कार्य आणि कारण यांची उलटापालट झालेली आहे. पदपथाची बांधणी माणसांचा भार सोसण्यापुरती असते. सामान्यतः ६० मिलिमीटर जाडीचे सिमेंटचे ठोकळे वाळूच्या थरावर एकमेकांत गुंतवून बसवितात. मोटारीचें वजन सुमारें एक टन, म्हणजे एकेका चाकावर अडीचशें किलो. तें चाक रोज एकाच ठिकाणीं चढूं उतरूं लागलें कीं ठोकळे खचतात, वाळू सरकते, पावसाळ्यांत तींत पाणी मुरतें आणि ठोकळे डुलूं लागतात. अशा ठोकळ्यावर पाय पडतांच खालचें गढूळ पाणी पोटरीपर्यंत उडतें, हा अनुभव पुणेकरांस नवा नाहीं. कडेचे दगड कलंडतात ते वेगळेच. मग लोक पदपथ सोडून रस्त्यानें चालूं लागतात, आणि पदपथ ओस दिसतो. जो ज्यानें ओस केला, त्यानेंच ओस आहे म्हणून त्याच्यावर हक्क सांगावा, हें न्यायाला धरून नाहीं. दुरुस्तीचा खर्च तर ज्यांच्या घरीं एकहि गाडी नाहीं अशांच्या करांतूनहि भागविला जातो.

कायद्याचें म्हणणें या बाबतींत संदिग्ध नाहीं. १९८९ सालच्या रस्त्यावरील वर्तनाच्या नियमांत पदपथावर वाहन उभें करण्यास मनाई होती. त्यांची जागा घेणाऱ्या २०१७ सालच्या नियमांतहि ती कायम आहे. मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, निर्वेध पदपथावरून चालण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असें स्पष्ट सांगितलें. आणि अपंगांना वापरतां येतील असे पदपथ राखण्याविषयीं व त्यांवरील अतिक्रमणें दूर करण्याविषयीं धोरण आंखण्यास राज्यांना फर्माविलें.

या संदर्भांत मुंबईच्या पदपथांविषयींचा एक जुना खटला आठवणें उचित ठरेल. १९८१ सालीं मुंबईच्या पदपथांवर झोंपड्या घालून राहणाऱ्या गरिबांना तेथून काढून लावण्याचें ठरलें. तें प्रकरण ऑल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या नांवानें सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें, आणि १९८५ सालीं सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठानें त्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्कांतच येतो, हें त्या निकालानें मान्य केलें. तरीहि पदपथ हे सार्वजनिक सोयीसाठीं असतात आणि खासगी कामासाठीं त्यांवर ठाण मांडण्याचा हक्क कोणासहि नाहीं, असेंच न्यायालयानें ठरविलें. ज्याला दुसरें छप्पर नव्हतें, ज्याची रोजची भाकरी त्या जागेच्या आसपास मिळत होती, त्यालासुद्धां हें उत्तर ऐकावें लागलें. मग ज्याला मोटार विकत घेण्याची ऐपत आहे, त्याला केवळ गाडीस जागा नाहीं या कारणास्तव निराळें उत्तर कोणत्या तोंडानें द्यावयाचें?

हा पेंच एकट्या भारतापुढेंच आहे असें नाहीं. इतर देशांनीं तो कसा सोडविला, हेंहि पाहण्यासारखें आहे. लंडन शहरांत १९७४ सालच्या एका कायद्यानें पदपथावर मोटार उभी करणें सरसकट बंद झालें. स्थानिक अधिकाऱ्यांनीं सूट दिलेले रस्ते तेवढे वगळले. स्कॉटलंडनें २०१९ सालीं तसाच कायदा केला, आणि दंड वसूल करण्याचा अधिकार तेथील नगरसभांना डिसेंबर २०२३ पासून मिळाला. एखाद्या रस्त्यास सूट द्यावयाची झाल्यास पदपथाचा १.५ मीटर भाग मोकळा राहतो कीं नाहीं, अथवा बंब व रुग्णवाहिका यांची वाट अन्यथा अडते कीं काय, हें तेथील अधिकाऱ्यांना आधीं पाहावें लागतें. जर्मनींत विशिष्ट पाटी लावलेल्या जागींच पदपथावर मोटार चढवितां येते, आणि तीहि २.८ टनांपर्यंतचीच. ब्रेमेन शहरांत हा नियम मोडला जात असतां अधिकारी स्वस्थ बसतात म्हणून कांहीं रहिवासी न्यायालयांत गेले. त्यांच्या खटल्यांत जून २०२४ मध्यें तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानें, घरासमोरील पदपथ अडत असल्यास रहिवाशाला अधिकाऱ्यांकडे दाद मागतां येते, असा निर्णय दिला. या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट दिसून येते. अपवाद असूं शकतो; पण तो मोजून, आंखून आणि पाटी लावून करण्याचा अधिकार नगराचा आहे. गाडीच्या चालकानें आपल्या सोयीपुरता तो करून घ्यावयाचा नाहीं.

जपाननें तर हा प्रश्न मुळापाशींच धरला. १९६२ सालच्या कायद्यान्वयें तेथें मोटार घेणारानें ती उभी करण्याची जागा आपल्यापाशीं असल्याचा दाखला द्यावा लागतो, आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरांच्या आंत असावी लागते. महाराष्ट्रांतहि अशा प्रकारचा नियम करण्याचा विचार राज्य सरकारनें २०२५ सालीं बोलून दाखविला. गाडी घेण्यापूर्वीं जागेचा विचार करावयाचा, कीं गाडी दाराशीं आल्यावर शेजाऱ्यांच्या वाटेवर नजर ठेवावयाची, एवढाच काय तो फरक आहे.

मग असलेल्या गाड्या ठेवाव्या कोठें, हा प्रश्न उरतोच, आणि तो टाळून चालणार नाहीं. रस्त्याचे उपयोग तीन: माणसांनीं चालणें, गाड्यांनीं धांवणें आणि गाड्यांनीं थांबणें. जेथें तिन्ही मावतात तेथें वाद नाहीं. जेथें मावत नाहींत तेथें तिहींपैकीं थांबण्यानेंच प्रथम माघार घेतली पाहिजे. कामावर जाण्यायेण्यांत दीड तास चालणारी मोटार उरलेले साडेबावीस तास एका जागीं उभी असते. तिच्या त्या विश्रांतीसाठीं चालणारानें जीव धोक्यांत घालावा, हें कोणत्याहि हिशेबांत बसत नाहीं. तात्पर्य, उभ्या गाडीसाठीं जागा काढावयाचीच असेल, तर ती गाड्यांच्या मार्गांतून काढावी, पायांच्या वाटेंतून काढूं नये.

हें कसें साधतें, याचीं उदाहरणें पुण्यांतच आहेत. पेठांतील अनेक रस्त्यांवर पी-१ आणि पी-२ अशा पाट्यांनीं सम तारखेस एका बाजूला व विषम तारखेस दुसऱ्या बाजूला गाड्या लावण्याची चाल पडली आहे. एकच बाजू अडल्यानें गल्लींतून बंब जाण्यास वाट राहते आणि गाडी पदपथावर चढविण्याचें कारणहि उरत नाहीं. जंगली महाराज रस्त्याची गेल्या दशकांत फेररचना झाली, तेव्हां पदपथ रुंद करून गाड्यांसाठीं रस्त्याच्याच पातळीवर कडेला वेगळ्या जागा ठेवण्यांत आल्या. दुचाकींसाठींहि रस्त्यावरच पट्टे आंखून जागा देतां येते. एका मोटारीच्या जागेंत सहज पांच स्कूटरी उभ्या राहतात, आणि त्या कष्टकऱ्याचीहि सोय होते. जागेला मोल लावणें हाहि उपाय आहे. पुणें महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेनें मार्च २०१८ मध्यें तशा धोरणास मंजुरी दिली. परंतु त्याची अंमलबजावणी पुढें कित्येक वर्षें रेंगाळली. फुकटाची संवय मोडणें नेहमींच कठीण जातें.

कोणी म्हणेल कीं, पदपथाच्या तोंडाशीं खांब रोंवले म्हणजे काम झालें. मोटारीपुरतें तें खरें आहे. परंतु ज्या फटींतून चाकांची खुर्ची जाऊं शकते, तींतून स्कूटरहि जाते. आणि स्कूटर अडेल एवढी फट अरुंद केली, तर खुर्ची अडते. खांबानें जें साधत नाहीं, तें दंडानें आणि त्याहिपेक्षां लोकांच्या वळणानें साधावें लागतें. ११ डिसेंबर २०२१ रोजीं लक्ष्मी रस्त्याच्या एका भागांत वाहनें बंद ठेवून पादचारी दिन पाळण्यांत आला, तेव्हां एरवीं अंग चोरून चालणारे नागरिक मुलाबाळांसह रस्ताभर मोकळेपणानें वावरतांना दिसले. एका दिवसाच्या त्या सोहळ्यांत जें मिळालें, त्याचा सहा फुटांएवढा तुकडा रोज मिळावा, एवढीच पादचाऱ्याची मागणी आहे.

नियम आहेत, न्यायालयाचा निर्णय आहे, मापेंहि ठरलेलीं आहेत. आतां उरतें तें गृहस्थाचें काम. मोटारी असतात त्या बहुतेक सुशिक्षितांच्या घरीं, आणि पदपथाचें महत्त्व जाणणारे लोकहि तेच असतात. आपल्या फाटकाबाहेरच्या पदपथावर आजी आणि नातू हात धरून शेजारीं शेजारीं चालूं शकतात कां, एवढें प्रत्येकानें सकाळीं एकदां पाहावें. चालूं शकत असतील, तर तेथें कोणत्याहि पाटीची गरज नाहीं. नसतील, तर गाडी खालीं उतरवावी. आणि खालीं जागा नसेल, तर थोडी दूर लावून उरलेली वाट पायीं चालावी. तेवढ्या चालण्यांत, पदपथ मोकळा असावा असें लोक कां म्हणतात, हेंहि त्याचें त्यालाच कळून येईल.